सुंतेबद्दल बोलण्याआधी

प्रिय मित्रा,

नाशिक आणि मालेगाव परिसरातील शाळांमध्ये मुलांसमोर व पालकांसमोर पुरुषाच्या शरीररचनेविषयी बोलण्याचे काम तू स्वीकारलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. सुंतेचा, म्हणजे शिस्नाच्या टोकावरची कातडी कापून काढण्याचा, प्रश्न निघाला तर कोणती बाजू घ्यावी, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की, ज्या कातडीवरून हा सारा वाद आहे ती नेमकी काय असते, हे आपल्याकडे शिकल्यासवरल्या घरांतही कोणी सांगत नाही, आणि ते समजल्यावाचून घेतलेली कोणतीही बाजू ऐकणाऱ्याच्या उपयोगाची नसते.

म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर न लाजता मोठी आकृती काढ. शिस्नाच्या टोकाचा भाग म्हणजे शिस्नमुंड, आणि त्याला झाकणारी दुपदरी कातडी म्हणजे अग्रत्वचा. तिचा बाहेरचा पदर नेहमीच्या कातडीसारखा असतो, तर आतला ओलसर व नाजूक असतो. खालच्या बाजूला एका बारीक पट्टीने ती मुंडाशी जोडलेली असते. तान्ह्या बाळात हा आतला पदर मुंडाला चिकटलेला असतो आणि वयाबरोबर आपोआप सुटत जातो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डग्लस गेअर्डनर यांनी १९४९ मध्ये नोंदवले की जन्मतः जेमतेम ४ टक्के मुलांची त्वचा पूर्ण मागे सरकते. डेन्मार्कमध्ये याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलांची वर्षानुवर्षे तपासणी करून १९६८ मध्ये दाखवले की सतराव्या वर्षापर्यंत ती न सरकण्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास उतरते. काहींची तिसऱ्या वर्षी सुटते, काहींची तेराव्या, आणि दोन्ही मुले निरोगीच असतात.

पालकांच्या बैठकीत सर्वाधिक वेळ या एका मुद्द्याला दे. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई, ‘आत घाण साचेल’ म्हणून, तेलाचा हात लावून ती कातडी रोज थोडी थोडी मागे ओढते. बाळ कळवळून रडते, कधी लंगोटावर रक्ताचा ठिपका दिसतो आणि घरातली मोठी माणसे ‘आता मोकळी झाली’ असे म्हणतात. प्रत्यक्षात तिथे बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो आणि व्रणाचे कडे आवळत गेले की जो दोष मुळात नव्हता तोच निर्माण होतो. कातडीखाली दिसणारे पांढरे दाणे आयांना पू वाटतात. तो केवळ सुटलेल्या पेशींचा साठा असतो आणि वेळ आली की बाहेर पडतो. लघवी करताना क्षणभर फुगा होतो आणि धार नीट वाहते, तर तेही बहुधा वाढीतलेच असते. मात्र कुंथावे लागत असेल, ताप येत असेल किंवा टोकाची कातडी पांढरट व कडक झाली असेल, तर बालशल्यचिकित्सकाकडे जायला सांग. खरोखर आवळलेल्या कातडीवरही पहिला उपाय बहुतेकदा काही आठवडे लावायचे स्टेरॉइडचे मलम असते, आणि पुष्कळ मुलांना ते पुरते. सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ या, म्हणजे कातडी आवळून मागे न सरकण्याच्या, विकारासाठी तूप लावलेली नळी घालून, दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करत जाण्याची चिकित्सा सांगितली आहे. कातडी काढून टाकण्याआधी ती मोकळी करून पाहावी, हा विचार आपल्या वैद्यकात इतका जुना आहे.

आता वादाविषयी. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत सुंता केलेल्या प्रौढ पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये, हा आजार फार पसरलेल्या प्रदेशांसाठी, स्वेच्छेने करावयाच्या सुंतेची शिफारस केली. ती शिफारस नाशिकच्या तान्ह्या बाळाला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि त्या पुरुषांनाही कंडोम वापरावाच लागतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये फायदे जोखमीपेक्षा अधिक मानले, तरी सरसकट शिफारस केली नाही. नेदरलँड्सच्या वैद्यकीय संघटनेने २०१० मध्ये, वैद्यकीय कारण नसताना मुलांची सुंता करू नये, असे म्हटले. कलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये अशा शस्त्रक्रियेला शारीरिक इजा ठरवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने अटींसह तिला कायद्याने परवानगी दिली. जाणती माणसे असे वेगवेगळे निष्कर्ष काढतात, कारण येथे शरीराबरोबरच मुलाची संमती आणि कुटुंबाची श्रद्धाही तोलावी लागते. माझा स्वतःचा कल, आजाराचे कारण नसेल तर निर्णय मुलाने मोठेपणी घ्यावा, याकडे आहे. कोणी विचारले तर तू तुझा कल सांग, पण तो तुझा आहे असे म्हणून सांग.

मालेगावात बोलताना हे विशेष सांभाळ. तेथे सुंता हा इमानाचा आणि घरच्या आनंदाचा प्रसंग असतो, आणि समोरच्या बापाला तू त्याच्या धर्माचा न्याय करायला आलास असे वाटले तर तो पुढचे काहीच ऐकणार नाही. त्याला उपयोगी पडेल ते सांग: शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरकडून, भूल देऊन आणि निर्जंतुक साधनांनीच करून घ्यावी, घराण्यात रक्त न गोठण्याचा विकार असेल तर तो आधी कळवावा, आणि लघवीचे छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता मुळीच करू नये, कारण तो दोष दुरुस्त करताना शल्यचिकित्सकाला पुष्कळदा हीच कातडी लागते.

मोठ्या मुलांना स्वच्छता शिकवताना, सहज सरकेल तेवढीच कातडी मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावे आणि नंतर ती पुढे आणावीच, हे दोनदा सांग. मागे अडकून राहिली तर ती सुजते आणि मुंडाचा रक्तपुरवठा आवळला जातो. अशा वेळी लाजून सकाळची वाट न पाहता, रात्रीचे बारा वाजले असले तरी वडिलांना उठवून सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचे, असे त्यांच्याकडून वदवून घे.

तुझा शुभचिंतक