एकच टायर आतून का खातोय?

प्रश्न : माझी पाच वर्षं जुनी हॅचबॅक आहे, रोज सातारा-वाई जाणं-येणं. पुढचे दोन्ही टायर मागच्या वर्षीच नवीन टाकले, जेमतेम १४ हजार किमी झालेत, आणि डाव्या बाजूचा टायर आतल्या कडेने पार टक्कल पडल्यासारखा झालाय, बाहेरून बघाल तर नवाच वाटतो. उजवा एकदम ओके. पावसाळ्यात डावं चाक खड्ड्यात दणकून आपटलं होतं, त्यानंतर तीनदा अलाइनमेंट केली. आता दुकानदार म्हणतो कॅम्बर आउट आहे, जॅक लावून करून देतो. करून घेऊ का?

उत्तर : नका करून घेऊ, निदान आत्ता तरी नाही.

तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट म्हणजे ‘उजवा एकदम ओके’. नेहमीच्या अलाइनमेंटला आपल्याकडे जे करतात ते म्हणजे टो, उभं राहिल्यावर पायाचे अंगठे आत वळलेत की बाहेर, तसं चाकांचं. टाय रॉडचा (स्टीयरिंग चाकाला जोडणारा दांडा) लॉकनट सैल करायचा, रॉड फिरवायचा, परत आवळायचा, झालं. पण टो बिघडला की सरळ रस्त्यावर चुकीचा अँगल दोन्ही पुढच्या चाकांत वाटला जातो, त्यामुळे झीज सहसा दोघांचीही होते. आणि ती हाताला कळते, टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकीकडे जाताना गुळगुळीत आणि परत येताना करवतीसारखं टोचलं की समजा टो. (गाडी बंद, गार टायर, आणि तार बाहेर आली असेल तर हात लावूच नका.) चाक अर्धा अंश जरी वाकडं चाललं तरी दर किलोमीटरला जवळपास ९ मीटर आडवं घासत जातं, मग टायर टिकणार कसा!

तुमच्याकडे एकच टायर, फक्त आतून आणि तेही खड्ड्यानंतर, म्हणजे त्या कोपऱ्यातलं काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय असं मला वाटतं. चाक वरून आत झुकलं की आतली कड खाते, तोच कॅम्बर, तेवढं दुकानदाराचं बरोबर आहे. पण बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे कंपनीने कॅम्बरला अ‍ॅडजस्टमेंटच दिलेली नसते, काहींमध्ये स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खांब) बोल्टला जराशी ढील मिळते एवढंच. म्हणून जॅक लावून करतो म्हणजे स्ट्रट नाहीतर नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबून वाकवतो, आधीच वाकलेल्या लोखंडाला उलटं वाकवायचं, स्क्रीनवर आकडा हिरवा होतो आणि पार्ट मात्र कमजोर झालेला असतो. ब्रेक आणि स्टीयरिंगचा भार ज्यावर येतो त्याच्याशी असला खेळ मला तरी पटत नाही.

त्याऐवजी सस्पेन्शनचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे जा. डावं चाक उचलायला सांगा, घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि खडखड आली तर टाय रॉड एंड, १२ आणि ६ वर आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बुश, म्हणजे त्यातलं रबर, फाटलाय का तेही बघा, तो फाटला असेल तर मशीनवर उभ्या गाडीचे आकडे छान येतात आणि ब्रेक मारला की चाक जागा सोडतं, तीन वेळा अलाइनमेंट करून फरक का पडला नाही याचं एक कारण हेही असू शकतं. रिम वाकली नाही ना तेही बघून घ्या. वाकलेला पार्ट बदला, मग हवा बरोबर भरून अलाइनमेंट करा, आणि आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे छापून मागा, द्यायला कुरकुर करतात पण मागाच.

बॅलन्सिंगचा (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) याच्याशी संबंध नाही हो, ते ८०-१०० च्या स्पीडला स्टीयरिंग थरथरतं त्यासाठी. आणि तो टक्कल पडलेला टायर मागच्या चाकाला टाकून ‘चालेल अजून’ असं करू नका, नक्षीच्या खोबणीतल्या १.६ मिमीच्या खुणेपर्यंत आतली कड आली असेल तर तो गेलाच, आणि नवीन टाकायचे ते दुरुस्ती झाल्यावर टाका, आधी टाकलेत तर तेही असेच खातील.