संगणक-सल्ला : खिडक्या एकमेकींवर चढल्याच नाहीत तर?

मागच्या अंकात टायलिंग विंडो मॅनेजरबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या: उघडलेल्या खिडक्या एकमेकींवर न टाकता आपणहून शेजारी-शेजारी मांडून सगळा पडदा भरणारा प्रोग्रॅम. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली पाच इथे घेते.

पोर्तुगीज काळातली खरेदीखतं आणि वाटण्यांचे कागद मी मराठीत उतरवून देतो. चवथीला बंगळुरूचा भाचा आला होता, तो माझ्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि आयथ्री हा टायलिंग विंडो मॅनेजर घालून गेला. आता पडदा काळा, आयकॉन नाहीत, स्टार्टचं बटण नाही. साठीला टेकलेल्या माणसानं हे शिकावं, की पूर्वीचं परत आणावं?
— एक वाचक, डिचोली

शिकावं. असं मी सगळ्यांना सांगत नाही, पण तुमच्या कामाला हे चपखल बसतं.

तुमच्यासमोर दिवसभर तीनच खिडक्या असणार: स्कॅन केलेला कागद, तुमचा मराठी मजकूर आणि शब्दकोश. नेहमीच्या डेस्कटॉपवर शब्दकोश उघडला की कागद झाकला जातो, आणि तो पुन्हा वर आणेपर्यंत त्या वळणदार हस्ताक्षरातल्या कुठल्या ओळीवर होतो हेच विसरायला होतं. ठरलेल्या खिडक्या आणि त्या एकाच वेळी दिसायला हव्यात, अशा प्रत्येकाला टायलिंगचा उपयोग आहे. मग तो प्रोग्रॅमर असो वा नसो.

आधी एक गोष्ट भाच्याला फोन करून विचारा. आयथ्री पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा मुख्य की विंडोजची हवी की ऑल्ट, असं विचारतो. भाच्यानं विंडोजची निवडली असेल तर उत्तम. ऑल्ट निवडली असेल तर बदलून घ्या, कारण लिब्रेऑफिसचे (म्हणजे ज्यातल्या रायटरमध्ये मजकूर लिहायचा त्याचे) मेन्यू ऑल्टनं उघडतात आणि मग दोघांचं जमत नाही.

आता मांडणी. विंडोज की आणि डी दाबलं की वरच्या कडेला एक पट्टी येते. तिथे प्रोग्रॅमचं नाव इंग्रजीत टाइप करून एंटर. अशा रीतीनं आधी पीडीएफ उघडा, मग रायटर. पडदा आपोआप अर्धा-अर्धा वाटला जाईल, कागद डावीकडे आणि मजकूर उजवीकडे. आता रायटरमध्ये असतानाच विंडोज-व्ही दाबा आणि शब्दकोश उघडा. तो मजकुराच्या खाली येईल, कागदाला धक्का लागणार नाही. तिघं दाटीवाटीनं बसले असं वाटलं तर विंडोज-डब्ल्यू दाबा. मजकूर आणि शब्दकोश उजव्या अर्ध्या भागात टॅब होऊन एकामागे एक बसतील, आणि विंडोज-ई दाबलं की पुन्हा मोकळे होतील. मी स्वतः टॅबच वापरते. कसर लागलेल्या पानावरचा एखादा शब्द लागत नसेल तर कागदावर जाऊन विंडोज-एफ, म्हणजे तो पडदाभर दिसेल. तेच पुन्हा दाबलं की मांडणी जशीच्या तशी परत. खिडकी बंद करायला विंडोज-शिफ्ट-क्यू. रुंदी कमी-जास्त करायची असेल तर दोन खिडक्यांमधली कड माऊसनं ओढली तरी चालते, त्यात काही कमीपणा नाही. एवढ्या कळा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा.

मात्र माझ्या मते याचा खरा फायदा शेजारी-शेजारी मांडणीत नाहीच. तो वर्कस्पेसमध्ये आहे. विंडोज आणि १ ते ० पर्यंतचे आकडे म्हणजे दहा वेगवेगळे पडदे. एकवर अनुवाद, दोनवर मेल, तीनवर हिशेब, आणि हे कधी बदलायचं नाही. खिडकी चुकीच्या जागी उघडली तर विंडोज-शिफ्ट आणि आकडा, की ती तिकडे गेली. फडताळात साखरेचा डबा कुठे हे ठरलेलं असलं की दिवे गेले तरी हात बरोबर तिथेच जातो, तसं हे होतं. वकिलाकडून कुणी ‘आमचं कुठवर आलं’ म्हणून दारात उभं राहिलं तर दोन दाबा, मेल बघून उत्तर द्या, परत एक दाबा. तुमची ओळ आहे तिथेच असते. ‘रायटर नेहमी एकवरच उघड’ असा नियमही सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिता येतो, तो भाच्याकडून लिहवून घ्या. ही सेटिंग म्हणजे एक साधी मजकुराची फाइल असते. तिची एक प्रत मेलमध्ये ठेवा, म्हणजे संगणक बदलला तरी मांडणी तुमच्याबरोबर येते.

त्रास कुठे होईल तेही सांगते. लोक तुमच्याकडे पेनड्राइव्हवर स्कॅन घेऊन येत असणार. तो लावल्यावर समोर काहीच उमटणार नाही. थुनारसारखा फाइल मॅनेजर उघडा, डाव्या यादीत पेनड्राइव्हवर क्लिक करा, आणि काढताना तिथूनच इजेक्ट करा. जुना डेस्कटॉप भाच्यानं पुसला नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर तो निवडून केव्हाही मागे जाता येतं. घरातल्या इतरांसाठी तो राहू द्याच. माझ्या म्हापशाच्या दुकानात मागच्या संगणकावर आयथ्री आहे आणि काउंटरवरच्यावर नाही. तिथे मुलगे येऊन रिझल्टची प्रिंट काढतात, त्यांना काळा पडदा दाखवला तर ते पळून जातील.

मी विंडोज सोडणार नाही. होमस्टेचं बुकिंग, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम दिसावं एवढंच हवं.
— एक वाचिका, काणकोण

सोडूही नका. विंडोज ११ मध्ये विंडोज-झेड दाबलं की मांडणीचे नमुने समोर येतात. तेवढ्यानं भागलं नाही तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज मोफत उतरवून घ्या. त्यात फॅन्सीझोन्स आहे. तुम्ही पडद्याचे कप्पे आखायचे, मग शिफ्ट धरून खिडकी ओढली की ती कप्प्यात बसते. ओढण्याचाही कंटाळा असेल तर ग्लेझडब्ल्यूएम आयथ्रीच्या धर्तीवर सगळं आपोआप मांडतो. मजा बघा: १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रॅमच्या खिडक्या एकमेकींवर चढतच नव्हत्या, शेजारी-शेजारीच मांडल्या जायच्या. एकमेकींवर ठेवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली, आणि तेव्हा लोकांना तीच सुधारणा वाटली होती.

मी जत्रेच्या नाटकांची पत्रकं आणि फलक करतो, गिंप आणि इंकस्केपवर. मला उपयोग होईल?
— एक वाचक, मडगाव

फारसा नाही. तुमचा उजवा हात कायम माऊसवर आणि चित्राला हवा अख्खा पडदा. दुसरा मॉनिटर घ्या, ते पैसे जास्त कारणी लागतील.

आयथ्री, स्वे की हायपरलँड? व्हिडिओत हायपरलँड सगळ्यात भारी दिसतो. लॅपटॉपला एनव्हिडियाचं कार्ड आहे.
— एक विद्यार्थी, फर्मागुडी

त्या व्हिडिओंत पारदर्शक टर्मिनल असतं, मागे डोंगर असतो, खिडक्या लाटेसारख्या सरकतात. त्यात कुणी असाइनमेंट पूर्ण करताना दिसलं का? तुम्ही सरळ आयथ्री घ्या. तो मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये आणला, एक्स११ वर, म्हणजे लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर चालतो, आणि त्याची माहितीपुस्तिका खरोखर वाचण्यासारखी आहे. स्वे म्हणजे वेलँडवरचा, एक्स११ ची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेवरचा, आयथ्री. सेटिंगची फाइल बहुतांशी तीच चालते, म्हणून आज शिकलेलं उद्या वाया जात नाही. पण एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरला स्वे अधिकृत पाठिंबा देत नाही, तो सुरू करतानाच तसं बजावतो. तुमच्या कार्डामुळे मी आज तरी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. हायपरलँड २०२२ चा, त्यात बदल भराभर होतात आणि सेटिंगची फाइल अधूनमधून दुरुस्त करावी लागते. परीक्षेच्या आठवड्यात ते नको. सुट्टीत मात्र डीडब्ल्यूएम या आणखी एका टायलिंग विंडो मॅनेजरचा कोड वाचाच. २००६ चा आहे, सी भाषेत, आणि मुद्दाम दोन हजार ओळींच्या आत ठेवलेला. त्यात एखादी कळ बदलायची तरी फाइल बदलून पुन्हा कंपाइल करावी लागते. खिडकी म्हणजे नेमकं काय आणि ती कोण हलवतं, हे त्यातून जसं कळतं तसं व्हिडिओतून कळणार नाही.

स्वे वापरते. मराठीत टाइप करायला इन्स्क्रिप्टवर गेले की सगळे शॉर्टकट मरतात. विंडोज-डी दाबलं तर काहीच होत नाही.
— एक शिक्षिका, वाळपई

होणारच. इन्स्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलन्त आहे. स्वे ‘डी’ या अक्षराची वाट बघत बसतो आणि तुमचा कीबोर्ड त्याला हलन्त पाठवतो. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘बाइंडसिम’नं सुरू होणाऱ्या ओळी शोधा आणि त्या शब्दानंतर एक जागा सोडून दोन आडव्या रेघा व ‘टू-कोड’ हा पर्याय इंग्रजीत लिहा. मग स्वे अक्षर न बघता कीची जागा बघतो. कीबोर्डच्या यादीत इंग्रजी मात्र पहिली हवी, कारण जागा तो पहिल्या भाषेवरून ठरवतो. फाइल साठवून विंडोज-शिफ्ट-सी दाबा, सेटिंग नव्यानं वाचली जाईल. तेवढं दाबताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.