ब्रिजसाठी हमबकर पिकअप घेताना जास्त किलोओहमचाच घ्यावा का?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : गिटार साध्या किमतीची आहे, ब्रिजपाशी (तारा बुडाशी जेथे टेकतात तेथे) हमबकर, म्हणजे तारांच्या कंपनाची वीज करणारा दोन कॉइलचा पिकअप, व पुढे दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे पिकअप, आहेत, आपण ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी चित्रपटगीते वाजवता, खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये आहे आणि दुकानदार "सोळा किलोओहमच्या खालचा घेऊच नका" असे बजावतो आहे. दुकानदाराचे हे वाक्य वाचल्यावर मला उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण हेच वाक्य मी नाटकांचा एक अख्खा हंगाम जवळजवळ रोज रात्री ऐकून घेतले आहे. सरळ उत्तर हवे असेल तर दुकानदाराचे ऐकू नका. किलोओहम म्हणजे कॉइलच्या तारेचा विद्युत रोध, पिकअपचा जोर नव्हे.

माझे वडील पंपाच्या मोटारींचे वाइंडिंग करतात आणि मी त्याच दुकानात लहानाचा मोठा झालो, त्यामुळे तांब्याच्या तारेबद्दल कोणी काहीही बोलले की मला जरा लवकरच राग येतो. हमबकरमधली तांब्याची तार केसाएवढी, साधारण 0.063 मिलिमीटर जाडीची असते आणि जुन्या धाटणीच्या हमबकरमध्ये एकेका कॉइलवर तिचे सुमारे पाच हजार वेढे असतात. तितकेच वेढे एक गेज (जाडीच्या मापाची एक पायरी) बारीक तारेने दिले, तर रोध सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. आवाज मात्र त्यामुळे वाढत नाही, कारण कॉइलमध्ये तयार होणारे व्होल्टेज वेढ्यांची संख्या, चुंबकाची ताकद आणि वाजणाऱ्या तारेचे अंतर यांवर ठरते. वेढे वाढवले की जोर वाढतो, हे खरे. पण त्याबरोबर वरचा उजळपणा मरतो आणि आवाज मधल्या पट्टीत जाड होतो, ही गोष्ट विकणारा सांगत नाही. डिमार्झिओ या एकाच कंपनीचे आकडे पाहा. त्यांचा सुपर डिस्टॉर्शन सुमारे 13.7 किलोओहमचा आहे आणि टोन झोन सुमारे 17.3 किलोओहमचा, कंपनीच सुपर डिस्टॉर्शनचे आउटपुट 425 मिलिव्होल्ट आणि टोन झोनचे 375 मिलिव्होल्ट देते. कमी ओहमवाला जास्त जोराचा आहे.

त्यातही हा आकडा स्थिर नसतो. तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशामागे सुमारे 0.39 टक्के वाढतो. आमच्या ब्रह्मपुरीकडे डिसेंबरच्या पहाटे पंधरा अंशांत 16 किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत 18 च्या जवळ जाईल. मग तो उन्हाळ्यात अधिक दमदार वाजतो, असे म्हणायचे काय?

हा सगळा युक्तिवाद मी पूर्वी एकदा तोंडपाठ करून मांडला होता आणि त्यात माझी पुरती फजिती झाली होती, ती हकीकत सांगतो.

2014 च्या हंगामात मी पूर्व विदर्भातल्या वडशाहून निघणाऱ्या एका झाडीपट्टी नाटक मंडळीत गिटार वाजवीत होतो. दिवाळीनंतर धान घरात आले की आमच्या भागात गावोगावी मंडई (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात, आणि त्या रात्री गावात नाटक हे ठरलेलेच असते. पडदा रात्री उघडतो आणि प्रेक्षक उजाडल्यावर घरी जातात. या रंगभूमीवर गिटारला तसे मानाचे पान नाही. नाटक उभे राहते ते ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅड यांच्यावर. गिटारवाला मधल्या गाण्यांपुरता. आमचे ऑर्गन वाजवणारे मास्तर वयाने आणि अधिकारानेही मोठे होते, आणि माझ्या गिटारचा आवाज त्यांना कायम "पाण्यातला" वाटे. त्यांना गप्प करावे, या एकाच हेतूने मी सेमूर डंकन कंपनीचा जेबी नावाचा हमबकर, 16.4 किलोओहमचा, नागपूरहून मागवून घेतला. म्हणजे मोठ्या आकड्याचा मोह मलाही झाला होता, हे येथे कबूल करतो.

मुक्कामाच्या गावी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात, एक्स्टेन्शन बोर्डावर सोल्डरिंग आयर्न लावून मी तो बसवला. पिकअपमधून चार रंगीत तारा आणि एक उघडी तार निघाली होती : काळी, पांढरी, लाल आणि हिरवी. जोडणीचा आराखडा मी आधीच मोबाइलवर उतरवून ठेवला होता, त्याप्रमाणे लाल तार पिकअप निवडायच्या स्विचला दिली, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडून वर टेप गुंडाळली, हिरवी व उघडी तार पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीवर सोल्डर केली. काम देखणे झाले होते.

त्या रात्री पहिल्याच गाण्यात गिटारचा आवाज चिरका आणि पातळ आला. त्याहून वाईट म्हणजे प्रकाशयोजनेवाल्याने डिमर अर्ध्यावर आणला की गिटारमध्ये भुंगा शिरल्यासारखा गुणगुणाट सुरू होई. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी 1955 मध्ये ज्या हमबकरच्या पेटंटचा अर्ज केला, त्याचा जन्मच हा गुणगुणाट मारण्यासाठी झाला आहे, आणि माझा नवाकोरा हमबकर जुन्या पिकअपपेक्षा जास्त गुणगुणत होता. मास्तरांनी मध्यंतरात माइकवाल्याचा मल्टिमीटर मागून घेतला, माझ्या केबलच्या टोकाला लावला आणि आकडा मला दाखवला. 8.1.

"सोळाचं सांगून आठाचं मारलं तुह्या गळ्यात," ते म्हणाले, "आता वाजव हे."

तेथून पुढे आमचा वाद जुंपला. ओहमवरून काही ठरत नाही, पन्नाशीच्या दशकातले गिब्सनचे नामांकित हमबकर साडेसात ते नऊ किलोओहमचेच होते आणि त्यांना कोणी दुबळे म्हणत नाही, गेज बदलले की रोध बदलतो, असे सारे मी त्यांना चहाच्या टपरीवर, गाडीत आणि रंगमंचामागे ऐकवले. माझे प्रत्येक वाक्य खरे होते आणि एकही कामाचे नव्हते. खोक्यावर 16.4 लिहिले असताना मीटरने 8.1 का दाखवावे, हा मास्तरांचा साधा प्रश्न मी पांडित्याखाली दडपून टाकला. त्या हट्टापायी चाळीसच्या वर प्रयोग मी तसेच वाजवले.

होळीला घरी आलो, तेव्हा दुकानात उन्हाळी धानाच्या पंपांची रांग लागली होती. मी एका कोपऱ्यात लहान अॅम्प लावून वाजवीत बसलो होतो. बाबांनी थोडा वेळ ऐकले, हातातली मोटार खाली ठेवली आणि पेचकस घेऊन माझ्याकडे आले. पिकअप म्हणजे काय, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. मी एवढेच सांगितले की आत दोन कॉइल आहेत. त्यांनी पेचकसाचे टोक स्क्रू असलेल्या ओळीवर हलकेच टेकवले, शेजारच्या ओळीवर टेकवले, आणि पुन्हा तसेच केले. एका ओळीवर अॅम्पमधून ठणठणीत "टक" येत होता. दुसऱ्या ओळीवर जवळजवळ काहीच नाही.

"काहून रे, ह्या अंगात जीव नाही का?" त्यांनी विचारले.

दहा मिनिटांत उलगडा झाला. मी उतरवलेला आराखडा डिमार्झिओचा होता. तेथे लाल तार मुख्य (आवाज बाहेर नेणारी) असते आणि काळी-पांढरी एकत्र जोडायची असते. डंकनमध्ये रंग तेच आहेत, पण अर्थ निराळा आहे : काळी मुख्य, लाल आणि पांढरी एकत्र, हिरवी व उघडी तार अर्थिंगला. डंकनच्या एका कॉइलची दोन टोके म्हणजे काळी आणि पांढरी. मी तीच एकमेकींना जोडून ती कॉइल मुकाट बसवली होती आणि उरलेल्या एका कॉइलवर हंगाम काढला होता. बाबांनी टेप सोडून काळी-पांढरी मोजली, 8.2, लाल-हिरवी मोजली, 8.2. दोन्ही सिरीजमध्ये जोडल्यावर 16.4. गुणगुणाट तत्क्षणी गेला. खोके, कंपनी, दुकान, कोणाचाही दोष नव्हता. चूक सर्वस्वी माझी होती.

पुढच्या हंगामात मी हे मास्तरांना प्रांजळपणे सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे सोळा पाहिजेत हे मी सांगतच होतो ना. झाले सोळा, लागलं वाजायला." आता या माणसाला काय समजावायचे! आवाज सुधारला तो दुसरी कॉइल जागी झाली म्हणून, आकडा मोठा झाला म्हणून नव्हे. तोंडाने वाद मिटणार नाही, हे उमगल्यावर मी एक उद्योग केला. एका मित्राकडे डंकनचाच '59 मॉडेल पडून होता, सुमारे 8.1 किलोओहमचा, आल्निको 5 (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या) चुंबकाचा, दिसायला तसाच काळा. जेबी काढून तो बसवला आणि कोणालाही काही न सांगता रात्रभर वाजवला. पहाटे चहा घेताना मास्तर स्वतःहून म्हणाले की आज गिटार मोकळी आणि स्पष्ट लागली, सोळाचं ते सोळाचंच. मी चहा पीत राहिलो. मास्तर, हे आपल्या वाचनात आलेच तर त्या रात्रीचा आकडा आठ होता.

प्रामाणिकपणे हेही नोंदवतो की '59 बसवताना मी तो तारांच्या जरा जवळ आणला होता आणि इफेक्ट्सच्या प्रोसेसरवर गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) थोडा वाढवला होता. पण माझा मुद्दा तोच आहे : जोर कमी पडला तर तो स्क्रू फिरवून आणि गेन वाढवून भरून काढता येतो, अति वेढ्यांनी मेलेला उजळपणा नंतर कशानेही पुरता परत येत नाही.

आता आपल्या गिटारविषयी. चित्रपटगीतांत साधे कॉर्ड, थोडी ओढलेली लीड आणि मधूनच डिस्टॉर्शन एवढेच काम असेल, तर आल्निको 5 चुंबकाचा, आठ-नऊ किलोओहमच्या आसपासचा, जुन्या धाटणीचा हमबकर घ्या. आपल्या गिटारला पुढे दोन सिंगल कॉइल आहेत. ब्रिजला फार जोराचा पिकअप बसवला, तर स्विच पुढे नेताच आवाज एकदम खाली बसेल आणि मिक्सरवाला वैतागेल. शिवाय आपल्याकडे बहुतेक जण प्रोसेसरमधून थेट मिक्सरला जातात. गेन तेथे हवा तेवढा मिळतो, उलट अति जोराच्या पिकअपचा आवाज प्रोसेसरच्या इनपुटलाच फाटतो. सिरॅमिक चुंबकाचे भारी पिकअप मेटल वाजवणाऱ्यांसाठी उत्तम आहेत. जेबीही वाईट नाही, तो माझ्या दुसऱ्या गिटारमध्ये आजही आहे. मात्र जो घ्याल तो ब्रिजसाठीचाच मागा. ब्रिजपाशी तारांची हालचाल कमी असते, म्हणून त्याच मॉडेलचा ब्रिजचा पिकअप सहसा नेकच्या (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपपेक्षा थोडा जास्त गुंडाळलेला असतो.

हे खरे तर आधी सांगायला हवे होते, पण विकत घेण्यापूर्वी सध्याच्या पिकअपची उंची तपासा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांच्यात जाड तारेखाली सुमारे दोन आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर अंतर ठेवून पाहा. कदाचित दहा हजार वाचतील. व्हॉल्यूमचा पॉट 250 किलोओहमचा निघाला, तर हमबकर उगाच बोथट वाजतो, तेथे 500 चा हवा. ब्रिजवरील पहिल्या व सहाव्या तारेतले अंतर मोजा : 53 मिलिमीटरच्या जवळ असेल तर रुंद मापाचा पिकअप मागवा, 50 च्या आत असेल तर साधा. थोडा फरक राहिल्याने आकाश कोसळत नाही, पण मागवतानाच नीट मागवलेले बरे.

आणखी एक. गिटारच्या तारांना हात लावल्यावर गुणगुणाट थांबत असेल, तर तो कोणताही हमबकर घालवू शकणार नाही. तो दोष शील्डिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. शॉक बसतो म्हणून ब्रिजची अर्थिंगची तार कापून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. ते करू नका. मंडपातल्या विजेचे अर्थिंग दुरुस्त करून घ्या आणि गाण्यापूर्वी माइकच्या जाळीला टेस्टर लावून पाहण्याची सवय ठेवा.

किलोओहमचा आकडा मात्र खोक्यावरून खोडू नका, त्याचा एक उपयोग आहे. जोडणी झाल्यावर स्विच ब्रिजवर ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबल लावा आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मीटर धरा. 500 किलोओहमचा पॉट समांतर असल्यामुळे आकडा थोडा कमी दिसेल, 16.4 च्या जागी 15.9 वगैरे, तेवढे ठीक आहे. निम्मा दिसला, तर दुकानदाराला फोन लावण्याआधी पेचकस घेऊन दोन्ही ओळींवर टेकवून पाहा.