शहरात थोडीच चालणारी पेट्रोल गाडी असेल, तर कोणते इंजिन ऑइल घालावे आणि ते किती दिवसांनी बदलावे?

आपण दिलेली माहिती अशी आहे : गाडी २०१९ सालची साधी, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक असून आतापर्यंत ४५,००० किलोमीटर चालली आहे, सध्या ती मुख्यतः कोथरूडहून डेक्कनपर्यंत आणि परत अशीच फिरते आणि वर्षाकाठी जेमतेम पाच हजार किलोमीटर होतात. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० आणि पर्याय म्हणून ५डब्ल्यू-३० हे ऑइलच्या दाटपणाचे ग्रेड दिले आहेत. नेहमीचा मेकॅनिक मात्र ‘आपल्याकडच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालायला सांगतो, आणि मित्राचे म्हणणे असे की फुल सिंथेटिक घातले की १५,००० किलोमीटरपर्यंत बोनेट उघडायलाच नको. घरच्या मोटरसायकललाही तेच ऑइल चालेल का, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

आधी उत्तर सांगतो. ५डब्ल्यू-३०, एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) एसपी दर्जाचे, शक्यतो फुल सिंथेटिक ऑइल घ्या आणि आपला वापर आज आहे तसाच राहणार असेल तर किलोमीटर कितीही झालेले असोत, ते दर सहा महिन्यांनी फिल्टरसकट बदला. माझी नोकरी वंगणतेलांच्या तपासणीत गेली आहे आणि अशा ‘घर ते ऑफिस’ गाड्यांचे वापरलेले ऑइल मी पुष्कळ पाहिले आहे. त्यामुळे ग्रेडपेक्षाही मुदतीबद्दल मी अधिक आग्रही आहे.

तरीही ग्रेडचा घोळ प्रथम मिटवू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल गारठ्यात किती वाहते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा ते १०० अंश सेल्सियसला किती दाट असते ते सांगतो. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या प्रमाणानुसार १०० अंशांना २० ग्रेडचे ऑइल ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक), ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या पट्ट्यात बसावे लागते. मेकॅनिकच्या बोलण्यात जे गृहीत धरले आहे ते असे की बाहेर ४२ अंश तापमान असले की आतले ऑइलही त्याच प्रमाणात तापून पातळ होते. परंतु इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा पंखा सांभाळतात; कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) डिसेंबरात काय किंवा मे महिन्यात काय, ९० अंशांच्या आसपासच ठेवले जाते आणि ऑइलही साधारण त्याच्या जवळपास राहते. बाहेरच्या उन्हाने फरक पडतो, पण तो काही अंशांचा, आणि इंजिन बनवणाऱ्याने तो धरूनच ग्रेड ठरवलेला असतो.

खरी अडचण इंजिन गार असतानाची आहे, आणि ‘गार’ म्हणजे इथे पुण्यातली ३० अंशांची सकाळसुद्धा. ४० अंशांना २०डब्ल्यू-५० ऑइल सामान्यतः १५० सेंटिस्टोकच्या पुढे असते, ५डब्ल्यू-३० साधारण ६० ते ६५, तर ०डब्ल्यू-२० पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे स्टार्टर मारल्यावर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत आणि टॅपेटपर्यंत जाताना जाड ऑइलला कितीतरी अधिक जोर लागतो आणि वेळही अधिक लागतो. शिवाय आजच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते आणि तिच्या वाटा अरुंद असतात. फार जाड ऑइल तिथे वेळेवर पोहोचत नाही. चार किलोमीटरच्या प्रवासात आपले इंजिन बराचसा वेळ याच अवस्थेत असते, म्हणून २०डब्ल्यू-५०चा सल्ला आपल्या गाडीला नेमका उलटा पडतो. कार्ब्युरेटरच्या काळातील इंजिनांवर ज्यांचा हात बसला, त्यांच्या तोंडी हा सल्ला येणे स्वाभाविक आहे आणि त्या इंजिनांपुरता तो योग्यही होता.

मग पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० पहिले असताना मी ५डब्ल्यू-३० का म्हणतो? पातळ ऑइलाने इंधनाची थोडी बचत होते आणि कंपन्यांना तीही हवी असते. दुसऱ्या पारड्यात इंजिनाच्या सुरक्षिततेसाठी हाताशी राहणारा वाव आहे : १५० अंशांना, भागांच्या जोरदार घर्षणात ऑइलचा थर किती टिकतो याची वेगळी चाचणी असते आणि तिच्यात २० ग्रेडसाठी किमान २.६, तर ३० ग्रेडसाठी किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद (हेही दाटपणाचेच एकक) ही अट आहे. थोड्या अंतराच्या वापरात ऑइलमध्ये पेट्रोल मिसळून ते आणखी पातळ होते; तेव्हा जिथे पुस्तिका दोन्हींना परवानगी देते, तिथे मी एक पायरी वरून सुरुवात करतो. आपल्या पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० असते तर मी तेच घाला म्हटले असते.

डब्यावरच्या एपीआयच्या अक्षरांत एस हे पेट्रोल इंजिनांचे चिन्ह आहे आणि त्यापुढचे अक्षर जितके नंतरचे तितका दर्जा नवा : एसएन २०१०चा, एसपी २०२०चा आणि एसक्यू २०२५चा. पुस्तिकेत एसएन लिहिले असेल तर एसपी बिनदिक्कत घालावे. उलटे करू नये. टर्बो आणि थेट इंधन-फवारणी असलेल्या गाड्यांत कमी वेगावर भार पडला की मिश्रण ठिणगीआधीच पेटण्याचा दोष आढळतो आणि त्यावरची चाचणी एसपीमध्ये समाविष्ट आहे. आपल्या गाडीला तो प्रश्न नाही, पण टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही एसपीतच आहे आणि तिचा उपयोग होऊ शकतो. (हे वाचणाऱ्यांपैकी कोणाची बीएस६ डिझेल गाडी असेल तर त्यांनी हा परिच्छेद स्वतःला लागू करू नये. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेलला कमी राखेचे ऑइल लागते. डब्यावर एसीईए (युरोपातील वाहन-उत्पादकांची संघटना) सी२, सी३ किंवा पुस्तिकेत जे असेल तेच हवे, नाहीतर ऑइलची राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि ती जळून जात नाही. त्याचबरोबर डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी खाली जाण्याऐवजी वर चढत असेल तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरल्याचे लक्षण समजावे.)

आता मित्राचे म्हणणे. सिंथेटिक ऑइल उष्णतेने लवकर आंबत नाही, गारठ्यात सहज वाहते आणि त्याचे बाष्पीभवन कमी होते, हे सर्व खरे आहे. बाजारात फुल सिंथेटिक म्हणून मिळणारे बरेचसे ऑइल प्रत्यक्षात कच्च्या तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेले, म्हणजे बेस ऑइलच्या (घटक मिसळण्याआधीच्या मूळ तेलाच्या) वर्गवारीत ग्रुप ३चे असते; अमेरिकेत १९९९ साली जाहिरातींवरील एका वादात ते सिंथेटिक म्हणवण्यास मुभा मिळाली आणि तेव्हापासून तो शब्द सैल झाला. तरी ग्रुप ३चे ऑइल चांगलेच असते, ते घेण्यात कमीपणा नाही. परंतु बेस ऑइल कितीही उत्तम असले तरी बाहेरून आत शिरणारे पाणी आणि पेट्रोल ते अडवू शकत नाही, आणि आपल्या गाडीचे दुखणे तेच आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते, पण पिस्टनच्या रिंगांच्या कडेने निसटलेल्या वायूंबरोबर थोडी वाफ खाली ऑइलपर्यंत पोहोचते आणि इंजिन गार असेल तर तिथेच तिचे पाणी होते. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त दिले जाते आणि त्यातला न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून याच ऑइलात उतरतो. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालली तर ऑइल चांगले तापून हे दोन्ही पुष्कळसे उडून जातात. कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइलही तापले असे मात्र नसते, ते नेहमी मागे राहते. चार किलोमीटर जाऊन गाडी बंद झाली की पाणी आतच राहते, दुसऱ्या दिवशी त्यात भर पडते, आम्ले तयार होतात आणि ती मारण्यासाठी ऑइलात घातलेले क्षारयुक्त घटक झिजत जातात.

प्रयोगशाळेत याची एक जुनी, साधी चाचणी आहे : सुमारे १६० अंशांना तापवलेल्या प्लेटवर वापरलेल्या ऑइलचे दोन थेंब टाकायचे. कोरडे ऑइल गुपचूप पसरते. पाणी असलेल्या ऑइलात बारीक बुडबुडे उठतात आणि फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. लांबच्या रस्त्यावर चालणाऱ्या टॅक्सीचे बारा हजार किलोमीटर झालेले काळेकुट्ट ऑइल या प्लेटवर निमूट पसरलेले आणि आपल्यासारख्या गाडीचे दोन-तीन हजार किलोमीटरचे, दिसायला सोनेरी ऑइल तडतडलेले मी पाहिले आहे. म्हणूनच रंगावर जाऊ नये. ऑइल काळे होणे म्हणजे त्यातला स्वच्छ करणारा घटक आपले काम करतो आहे एवढाच अर्थ. घरी पाहायचे असेल तर ऑइल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला सायीसारखा फिकट थर जमला आहे का ते पाहा आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहा. थर पुसून टाकल्यावर आणि एक लांबची फेरी झाल्यावर तो परत आला नाही तर ती नुसती वाफ होती. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे गळती रोखणारे अस्तर) तपासून घ्यावे.

कंपनीच्या ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष’ या मुदतीतही एक मेख आहे. सरासरी ताशी ६० किलोमीटरने चालणारी गाडी दहा हजार किलोमीटर १६७ तासांत पूर्ण करते. पुण्यातल्या सिग्नलांतून ताशी २० सरासरीने चालणारीला ५०० तास लागतात. पुस्तिकेत बहुधा मागच्या पानांत ‘प्रतिकूल वापर’ असा वेगळा तक्ता असतो. कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, सततची थांबा-चाला वाहतूक यांचा त्यात उल्लेख असतो आणि मुदत कमी केलेली असते. आपली गाडी त्या तक्त्यात बसते. सहा महिन्यांचा खर्च जड वाटत असेल तर दुसरा मार्ग आहे : दर आठवड्याला एकदा मुळशीकडे किंवा लोणावळ्याकडे पाऊण तास एकसारखी गाडी चालवून आणा. हे नियमाने जमणार असेल तर वर्षभराची मुदत मला मान्य आहे.

ऑइल बदलताना फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवाच घालावा, जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली नाही हे डोळ्यांनी पाहावे. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी ओतून, दोन मिनिटे इंजिन चालवून, सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून मगच डिपस्टिकने पातळी पूर्ण करावी. वरच्या खुणेच्या वर गेलेले ऑइल क्रँकशाफ्ट घुसळून काढतो आणि फेस पंपात जातो. इंजिन फ्लश आणि वरून घालायची औषधे यांची आपल्या गाडीला गरज नाही. सुट्या ऑइलऐवजी सीलबंद डबा आपल्यासमोर उघडून घ्या आणि रिकाम्या डब्याला भोक पाडा, कारण भेसळवाल्यांना असेच डबे हवे असतात. जुने ऑइल गॅरेजमध्येच द्यावे, गटारात ओतू नये. कायद्याने तो घातक कचरा आहे.

मोटरसायकलला मात्र हे ऑइल घालू नका. तिच्या इंजिनाचे, गिअरचे आणि क्लचचे ऑइल एकच असते. ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा कारच्या ऑइलात घर्षण कमी करणारे जे घटक घालतात, त्यांनी क्लचच्या प्लेटी घसरू लागतात आणि पिकअप जातो. तिला जासो (जपानी वाहन-मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेले, पुस्तिकेतील ग्रेडचेच ऑइल हवे. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच ऑइलात नसतो, म्हणून तिला जासो एमबी चालते, पण तिचाही ग्रेड वेगळा असतो. कारच्या डब्यात उरलेले ऑइल कारच्याच टॉप-अपसाठी झाकण घट्ट लावून ठेवा.