रामटेक आणि वॉटर पार्क एकाच दिवशी नको

भाऊ, नागपूरहून रामटेक आणि वॉटर पार्क एकाच दिवशी करायचं म्हणताय, पण लेकरं सोबत आहेत तर एका दिवसात दोन्ही कोंबू नका. रामटेक जबलपूर रोडकडे, बाजारगावचं फन अँड फूड वॉटर पार्क अमरावती रोडवर. मधे अख्खं नागपूर. पहिला दिवस इतिहासाचा, म्हणजे रामटेकचा ठेवा. उजाडताच निघा, कारण उन्हाळ्यात गडावरची फरशी दहा वाजताच तापते आणि मंदिरात अनवाणी चालावं लागतं. प्रसादाची पिशवी उघडी धरू नका, माकडं हातातून ओढतात. केवल नरसिंह मंदिरातला वाकाटककालीन (वाकाटक हे विदर्भातलं प्राचीन राजघराणं) शिलालेख मात्र लेकरांना जवळ नेऊन दाखवाच! परतताना वाटेतल्या मनसर गावचं उत्खनन बघा, तिथे जुने विटांचे चौथरे आहेत. पाण्यातली मस्ती दुसऱ्या दिवशी. नागपुरातला सीताबर्डी किल्ला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टलाच लोकांसाठी उघडतो; जमल्यास तारीख तशी धरा.