बीपी नॉर्मल आलं म्हणून बाबांनी गोळ्या सोडल्यात, काय करू?

तुमच्या बाबांचं वय ६८. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू होतं. महिनाभर बीपी १२५ च्या आत राहिलं म्हणून त्यांनी परवापासून दोन्ही सोडलं. शिवाय काकांनी 'या गोळ्यांनी किडनी जाते' असं डोक्यात भरवलंय, आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक अधूनमधून चालूच आहे. मी डॉक्टर नाही. औषधांच्या दुकानात काउंटरमागे आयुष्य गेलं, त्या अनुभवावर लिहितोय.

बीपी नॉर्मल आलंय ते गोळ्यांमुळेच. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून फार सावकाश उतरतं, निम्मं व्हायलाच ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे सोडल्यावर पहिले काही दिवस आकडा बराच नीट दिसतो, आणि माणूस म्हणतो, 'बघा, गोळीची गरजच नव्हती!' मग तो मोजायचंच सोडून देतो. आजच डॉक्टरांना फोन करून गोळ्या पुन्हा सुरू करा. राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन घेऊ नका. उठताना चक्कर येत असेल किंवा बीपी ११० च्या खाली जात असेल तर तेही सांगा, डोस कमी करता येतो. पण तो डॉक्टरांनी करायचा. (अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन घेणाऱ्यांनी तर एकदम थांबवण्याचा विचारही करू नये. बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं.)

आता काकांचं. किडनी खराब करतं ते वाढलेलं बीपी. टेल्मिसार्टनच्या जातीच्या गोळ्या तर मधुमेहात लघवीतून प्रथिनं जायला लागली की किडनी वाचवायला देतात. सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडं वाढतं, म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. बाबांचं शेवटचं कधी झालं ते बघा.

मला खरी काळजी वाटते ती गुडघ्याच्या गोळीची. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी डायक्लोफिनॅकमुळे आकसते. बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टनमुळे सैलावते. गाळणीतला दाब दोन्हीकडून पडतो. त्यात लघवी वाढवणारी गोळी असेल (स्ट्रिपवर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का पाहा) आणि वरून जुलाब लागले, तर म्हातारं माणूस दोन दिवसांत अ‍ॅडमिट होऊ शकतं. आयबुप्रोफेन, असेक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच, आणि यांनी बीपीही चढतं. गुडघ्याला पॅरासिटामॉल किंवा वरून लावायचं जेल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाळ्यात खाणंपिणं सुटलं, तर टेल्मिसार्टन एक-दोन दिवस थांबवायचं का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

'बीपीवाल्यांसाठी' म्हणून मिळणारं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढतं, हे फार कुणाला माहीत नसतं. घोट्याला सूज आली तर ती बहुधा अ‍ॅम्लोडिपिनची, तरी डॉक्टरांना दाखवा.

बीपीची गोळी सकाळी घ्यायची की रात्री, यावर भांडू नका. ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघातात फरक नाही. बाबांना जी वेळ आठवते ती बरी. टेल्मिसार्टन मात्र आठवड्याच्या डबीत सुटं काढून ठेवू नका, दमट हवेत ते ओल धरतं. घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावं.

घरी मोजताना चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, आठवडाभर. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एक बाजू लुळी पडणं असेल तर जिभेखाली कसलीही गोळी न ठेवता थेट हॉस्पिटल गाठा. एरवी ती आठवड्याची वही आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, गुडघ्याच्या गोळीचीही, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.