अरुंधती दाखवावी का?

प्रश्न : येत्या वैशाखात माझ्या मुलीचे लग्न आहे. वसिष्ठ आणि अरुंधती हे तारे एकमेकांभोवती फिरतात, हे पूर्वजांना ठाऊक होते आणि म्हणूनच नवदांपत्याला ते दाखवतात, असा संदेश आमच्या नातेवाइकांत फिरतो आहे. मुलगी म्हणते, "खरे नसेल तर संसाराची सुरुवात त्याने कशाला करायची? आणि एवढ्या अफाट विश्वात आमच्या प्रेमाची दखल ताऱ्यांनी का घ्यावी?" तिला काय सांगू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीची शंका रास्त आहे, आणि तो संदेश पुढे न पाठवलेलाच बरा. वधूने ध्रुव, अरुंधती आणि सप्तर्षी पाहावेत, असे आश्वलायन गृह्यसूत्र हा घरगुती संस्कारांचा प्राचीन ग्रंथ सांगतो. पण तिथे मागणे आहे ते सौभाग्याचे आणि संततीचे, ताऱ्यांच्या फिरण्याचा त्यात मागमूस नाही. वसिष्ठ हा जोडतारा आहे हे दुर्बीण आल्यावर, सतराव्या शतकात, कळले. त्या जोडीतला एक ताराही दुहेरी असल्याचे 1889 मध्ये वर्णपटावरून, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या रंगांच्या पट्ट्यावरून, उघड झाले, पुढे दुसराही दुहेरीच निघाला, तर अरुंधतीचा अंधूक सोबती 2009 मध्ये सापडला. आज वसिष्ठाचे चार आणि अरुंधतीचे दोन असे सहा तारे धरतात, म्हणजे जोडपे कसले, ते एकत्र कुटुंबच झाले! वसिष्ठ आणि अरुंधती एकाच दिशेने प्रवास करतात हे खरे. परंतु ते परस्परांभोवती फिरत असले, तरी एका फेरीला लाखो वर्षे लागतील, तेव्हा नुसत्या डोळ्यांना ते फिरणे कधी दिसले असेल, हे संभवत नाही.

तरीही हा विधी मी सोडणार नाही, कारण त्यात सत्याकडे जाण्याची एक रीत दडलेली आहे. अरुंधती अंधूक असल्याने आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा आणि तिथून नजर हळूच तिच्यावर न्यायची, यालाच शास्त्रकारांनी 'अरुंधतीदर्शनन्याय' म्हटले. लग्नात आपल्याला प्रथम दिसते तो माणसाचा ठळक भाग असतो. त्याच्या लगतचे अंधूक काही दिसायला सहवास लागतो. हे सांगायला खोट्या विज्ञानाची गरज नाही.

तारे दखल घेत नाहीत, हे मुलीचे म्हणणेही बरोबरच. हे तारे सुमारे 80 प्रकाशवर्षे दूर आहेत. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास निघालेला त्यांचा प्रकाश आज आपल्यापर्यंत पोहोचतो. तिथून पाहिले तर आपला सूर्य नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, मग आपला मांडव कुठला दिसायला! साक्ष ताऱ्यांची नसतेच. एकाने दाखवावे, दुसऱ्याने शोधावे आणि "दिसली" म्हणावे, एवढाच तो व्यवहार असतो, आणि मला तो पुरेसा वाटतो. मात्र न दिसताच "दिसली" म्हणू नये. मार्गशीर्षातल्या लग्नात सायंकाळी मांडवाच्या छताकडे बोट दाखवून विधी उरकलेले मी पाहिले आहेत. त्या महिन्यात सप्तर्षी उगवतात तेच मध्यरात्रीच्या सुमारास.

आपला मुहूर्त वैशाखातला, म्हणजे अडचण नाही. रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतील. त्यांच्या शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला तो वसिष्ठ. मांडवाचे दिवे दहा मिनिटे मालवायला सांगा आणि वधूवरांना गच्चीवर न्या. शहराच्या उजेडात अरुंधती हरवलीच, तर साधी द्विनेत्री दुर्बीण जवळ असू द्या.